दोन माळांवरचा चंडोल

सुपातल्या ज्वारीचा सळसळता ताल मध्येच थांबला, की मी पाठमोरी असले तरी मला कळायचं, मावळण ऐकू लागली आहे. हातातलं सूप छातीच्या उंचीवर तसंच तोललेलं, मान किंचित डावीकडे कललेली, डोळे उघडे पण कशावरच न ठरलेले, आणि कपाळावरच्या गोंदणाशी भुशाचा एखादा सोनेरी कण चिकटलेला. आमच्या घराच्या परसदारी मुरमाड माळ सुरू होई आणि गवताच्या फिकट लाटांनी बालाघाटाच्या उतारापर्यंत पसरत जाई. त्या माळावरच्या आकाशातून, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या एका बिंदूतून, चंडोलाचा स्वर खाली झिरपत यायचा. आधी तुटक थेंब, मग एकसलग धार. ती धार वाहत असेपर्यंत मावळण आमच्यात नसायची. स्वर थांबला की सूप पुन्हा हलू लागे, आणि ती जिथे गेली होती तिथून परत आल्याची एवढीच खूण उरे: एक लांब, जपून सोडलेला श्वास.

ती माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. माझ्या नवऱ्याची मावळण, म्हणजे आत्या; म्हणून घराची आणि हळूहळू गावाचीही मावळणच झाली. नाव तिचं द्वारका, पण त्या नावानं तिला हाक मारणारं माझ्या सासऱ्यांखेरीज कुणी उरलं नव्हतं. गावातल्या बाया तिच्यामागे तिला बोटवाली म्हणत, कारण राणीसावरगावात समुद्र ओलांडून आलेलं दुसरं माणूस नव्हतं. मी लग्न होऊन ज्या वर्षी त्या घरात आले, त्याच वर्षी ती आफ्रिकेहून परतली. मी माहेर सोडून आले होते आणि ती माहेरी परत आली होती, तरी परकेपणाची सावली दोघींच्या अंगावर सारखीच पडली होती. कदाचित त्यामुळेच घरातल्या इतर बायांपेक्षा ती मला लवकर कळू लागली. बोलून नव्हे, शेजारी बसून.

तिचे यजमान गुरांचे डॉक्टर होते. मुंबईत शिकले, पण मोंगलाईत, निजामाच्या राज्यात, त्यांना मनासारखी नोकरी लागेना. तेव्हा कुणाच्या तरी शब्दावर आगबोटीनं थेट पूर्व आफ्रिकेत गेले आणि द्वारकेलाही घेऊन गेले. मोंबासाहून बराच आत, रेल्वेच्या रस्त्यावर एक ठाणं होतं. तिथली खेचरं आणि बैल यांचं दुखणंखुपणं ते बघत. पत्र्याचं घर, चारी बाजूंना माणूस बुडेल एवढं पिवळं गवत, आणि दूरवर बाभळीसारखी काटेरी पण माथ्यावर कुणी तासल्यासारखी सपाट झाडं. त्यांना मूलबाळ झालं नाही. एका पावसाळ्यात काळ्या तापानं डॉक्टर गेले. तिथल्याच एका ओढ्याकाठी त्यांना अग्नी दिला, आणि एका गुजराती व्यापाऱ्याच्या कुटुंबासोबत मावळण परत निघाली. आफ्रिकेतून बाईनं सोनं आणलं असणार, अशी गावाची पक्की समजूत होती. निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायांनी तिची पत्र्याची पेटी उघडली. आत तीन लुगडी, एक पितळी तांब्या आणि यजमानांचा कोट निघाला. शिपायानं कोटाचे खिसे उलटे केले, आणि काहीच न निघाल्यावर, का कोण जाणे, त्यानंच ते पुन्हा नीट आत सारले. हे ती एवढंच सांगे. त्यापुढच्या आणि त्यामागच्या साऱ्या वर्षांबद्दल ती मुकी होती.

मात्र तिच्या देहाला ती वर्षं ठाऊक होती. वासरू दाव्याला हिसडा देऊन धावू लागलं, तर ती नकळत 'पोले, पोले' म्हणे, म्हणजे हळू, हळू. वासराला तो परका शब्द कळे आणि ते थबके. भर दुपारी, माळ तापून हवा पाण्यासारखी थरथरू लागली की ती ओट्याच्या कडेला येऊन उभी राही आणि डोळ्यांवर हात धरून गवताकडे बघत बसे. धनगरांची मेंढरं त्या गवतातून सरकत जात, तेव्हा त्या धूसर थरथरीत ती मेंढरंच बघत असे की आणखी कसली जनावरं, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारावं अशी तिची मुद्राच नव्हती. तिचं एकटेपण कण्हणारं नव्हतं. ते विहिरीच्या खोल पाण्यासारखं होतं, वरून स्वच्छ, आणि हात घातल्यावर गार.

मिर्झासाहेब गावात आले ते श्रावण सरताना. हैदराबादचे राहणारे, जंगलखात्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले, उंच, वाकलेले गृहस्थ. आयुष्याची पुष्कळ वर्षं आमच्याच मराठी जिल्ह्यांत फिरण्यात गेल्यानं मराठी चांगलं बोलत, फक्त त्यात दखनीचा मुलायम उतार असे. पाखरांची नोंद करत ते गावोगाव हिंडत होते. कुठलं पाखरू कुठे राहतं, कुठल्या जातीचं, कुठल्या पोटजातीचं, हे ठरवणं हा त्यांचा म्हातारपणाचा छंद. आमराईत त्यांची राहुटी पडली. बारीक छऱ्यांची बंदूक, चाकू, कातड्याला कीड लागू नये म्हणून संखियाची, म्हणजे सोमलाची, डबी आणि लाकडी खण असलेली एक पेटी, एवढा त्यांचा संसार. मारलेल्या पाखराचं कातडं ते अलगद सोलत, आत कापूस भरत, पंख मिटवून त्याला निजवत आणि पायाला चिठ्ठी बांधत. कापूस आमच्याच शेतातला मागून नेला होता.

गावचे पाटील म्हणून मामंजींनी, माझ्या सासऱ्यांनी, त्यांना ओट्यावर चहाला बोलावलं. मी आणि मावळण दाराआड होतो.

"पाखरातबी जात असती म्हना," मामंजी म्हणाले.

"हौ पाटील, असते," मिर्झासाहेब हसले. "पण तिथे रीत सरळ आहे. ज्यांचं घरटं एक होतं, ज्यांची पिल्लं होतात, त्यांची जात एक. एवढंच."

"आन् मधी समुद्र असंल तर?"

हा प्रश्न मामंजींचा नव्हता. मावळण दार ओलांडून ओट्यावर आली होती. पदर डोईवर नीट होता, पण नजर खाली नव्हती. मामंजींच्या कपाळाला आठी पडली. परक्या पुरुषापुढे त्या घरातली बाई आजवर उभी राहिली नव्हती. मिर्झासाहेबांनी मात्र बशी खाली ठेवली आणि ते उठून उभे राहिले.

"मध्ये समुद्र असेल तर मुश्किल आहे, बाई," ते म्हणाले. "मग त्यांना एकत्र आलेलं कुणीच पाहिलेलं नसतं. इकडचं एक आणि तिकडचं एक, अशी दोन्ही कातडी शेजारी ठेवून बघावं लागतं. पंख किती लांब, चोच किती जाड, रंग कसा. का विचारता?"

"तकडं आफ्रिकेत एक पाखरू गायचं. गवतावर उंच जाऊन, एकाच जागी थरथरत. आमच्या माळावरबी तसंच गातंय. ते एकच हाय का दोन हायेत?"

मिर्झासाहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी चंडोलांच्या कुळाची सारी हकीकत सांगितली, आणि मामंजींची आठी तशीच असताना मावळण ती उभ्यानं ऐकत राहिली. या कुळाचं बरंचसं गणगोत आफ्रिकेच्या गवताळ मैदानांत आहे. थोडे धागे इकडे हिंदुस्थानात आलेत. त्यांतलाच हा गाणारा चंडोल. कुणी म्हणतात, तिथला वेगळा आणि इथला वेगळा. कुणी म्हणतात, एकच, फक्त ठिकाणाप्रमाणे रंग फिकट-गडद झालेला. मुंबईच्या संग्रहात आफ्रिकेची कातडी आहेत. या भागातलं एक ताजं कातडं त्यांना हवं होतं, पण हा पक्षी काही केल्या हाती लागत नव्हता. गाणं ऐकू यायचं, आणि जवळ जावं तर तो दगडासारखा गवतात पडून दिसेनासा व्हायचा.

"तुम्हाला त्याची जागा ठाऊक असेल," ते म्हणाले. "दाखवलीत तर उत्तर मिळेल."

मावळण आत आली आणि चुलीपुढे बसली. विस्तवावर राख चढेपर्यंत तिनं लाकूड पुढे सारलं नाही.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर, कपडे दगडावर आपटायचे सोडून, ती प्रथमच बोलली. पाण्यावर सकाळचं कोवळं ऊन होतं आणि तिचा आवाज त्या उन्हाइतकाच पातळ होता.

तिकडे पोचल्यावरची पहिली सकाळ, ती सांगू लागली. आगबोटीची आणि आगगाडीची गरगर डोक्यातून अजून उतरली नव्हती. पत्र्याच्या घराच्या पायरीवर बसून ती रडत होती, कारण दिसेल तिथवर तिच्या ओळखीचं काहीच नव्हतं. ना भाषा, ना झाड, ना मातीचा वास. तेवढ्यात गवतावरून तो स्वर आला. डॉक्टर बाहेर आले, तिच्याशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "ऐक की. हा तुझ्या माळावरचाच हाय. आपलं माणूस आपल्या आधी येऊन बसलंय हितं."

"त्या एका बोलण्यावर मी तिथली सगळी वर्सं काढली, कौसा," ती मला म्हणाली. "हे दौऱ्यावर जायचे. दिवसच्या दिवस घरात मी एकटीच. ते पाखरू गायला लागलं का वाटायचं, सावरगावच वर येऊन बोलायलंय. आन् आता हितं आले, तर उलटंच झालं. हितं ते गायला लागलं का मला तकडचं गवत दिसायलंय, ते पत्र्याचं घर दिसायलंय, आन् हे दारात उभे दिसायलेत."

"मग हाय की ते एकच," मी म्हणाले.

"त्येच तर ठाव न्हाई. हे जनावराचे डॉक्टर, पाखराचे न्हाई. मला गप करायला बोलले असतील. रडत्या लेकराला म्हनत न्हाई का आपण, आली बघ आई, आली बघ." तिनं ओलं लुगडं पिळलं आणि पिळलेलंच हातात धरून ठेवलं. "माणूस असतं तर विचारलं असतं."

"पण मग त्या पाखराचा जीव जाईल."

"व्हय."

"तर नका ना दाखवू."

"न दाखवता, न विचारता लय दिवस काढले," ती म्हणाली. मग लुगडं बादलीत टाकून उठली.

ती गेली, आणि मलाही बरोबर घेऊन गेली. माळाला भाद्रपदाचा रंग चढला होता. गवताचे तुरे जांभळट-तांबूस, त्यांवर दव, आणि खालच्या मुरमाला ओल्या लोखंडासारखा वास. मिर्झासाहेब मागे अंतर राखून चालत होते. मावळण एका खुरट्या बोरीपाशी थांबली. थोड्या वेळानं समोरच्या गवतातून तो उठला, चिमणीहून फारसा मोठा नसलेला, मातकट, पंखात किंचित तांबूस झाक. पंख फडफडवत पायऱ्या चढल्यासारखा वर वर गेला आणि एका जागी थरथरत राहिला. गाणं सुरू झालं. आधी त्याचे स्वतःचे तुटक थेंब. मग त्यात तितराची हाक आली, टिटवीची किरकिर आली, बुलबुलाची शीळ आली, जणू माळावरचा प्रत्येक आवाज त्याच्या कंठात पाहुणा म्हणून उतरला होता. मावळणीनं मान कलती केली. मला वाटलं, ती आता परत फिरेल. मिर्झासाहेबांनाही तसंच वाटलं असावं; त्यांनी बंदूक उचलली नाही, तिच्याकडे पाहत राहिले.

गाणं पुरतं होऊ दिलं तिनं. तो उतरू लागला, शेवटचं हातभर अंतर सरळ खाली सुटला, आणि तिनं बोट दाखवलं.

बार मोठा नव्हता. वाळलेली फांदी मोडावी एवढाच. तरी त्यानंतर माळावर जी शांतता पसरली, ती मला अजून आठवते, कारण ती केवळ आवाजाचा अभाव नव्हती. वाऱ्यानंसुद्धा गवतातून पाय आखडून घेतल्यासारखी ती होती. मावळण स्वतः गेली आणि गवत बाजूला करून तिनं त्याला उचललं. मूठभर ज्वारीएवढंही वजन नव्हतं. छातीवर एक तांबडा ठिपका. तळहातावर धरूनच ती मिर्झासाहेबांपाशी आली.

"अंग अजून ऊन हाय," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी निघण्यापूर्वी मिर्झासाहेब ओट्यापाशी आले. चिठ्ठीवर गावाचं नाव आणि तारीख लिहिली होती. दाखवणाऱ्याचं म्हणून बाईंचं नाव लिहू का, असं त्यांनी मोठ्या अदबीनं विचारलं.

"नको," मावळण दारातून म्हणाली. "मारला तुमी, दाखवला मी. दोघांचंबी नाव त्याच्या पायाला नको. गावाचं हाय तेवढं पुरं."

मिर्झासाहेबांनी मान खाली घातली. पुढे कधी या वाटेनं आलो तर उत्तर घेऊन येईन, असं सांगून ते गेले.

गावाला कळायला वेळ लागला नाही. बोटवालीनं पाखरू मारवलं, एवढीच गोष्ट लोकांच्या तोंडी उरली, आणि तिच्यामागचं काहीच कुणाला ठाऊक नसल्यानं ती गोष्ट दिवसेंदिवस निष्ठुर होत गेली. माळावर मेंढरं राखणारी रखमा धनगरीण एकदा ताक मागायला आली. तिनं भांडण काढलं नाही. ताकाचं गाडगं डोक्यावर घेताना मावळणीकडे पाहून म्हणाली, "तेवढंच एक गायचं दिसभर आमच्यावर. आता मेंढरामागं लय एकलं वाटायलंय, मावळण."

मावळणीला कुणी शिव्या दिल्या असत्या तर ते सोपं गेलं असतं. आपल्या दुःखाला उत्तर मिळावं म्हणून आपण दुसऱ्या बाईच्या दिवसातला आवाज काढून घेतला, हे तिला त्या साध्या वाक्यानं दाखवलं. त्यानंतर ती रोज दुपारी माळावर जाऊ लागली. रखमेची मेंढरं जिकडे असत तिकडे जाई, बाभळीच्या सावलीत बसे. दोघी फार बोलत नसत. कधी रखमा लोकर कातत असे आणि मावळण नुसती गुंता सोडवून देई. दुरून पाहिलं तर त्या विस्तीर्ण, फिकट पसाऱ्यात दोन लुगड्यांचे दोन ठिपके दिसत, शेजारी शेजारी, आणि तरीही एकेकटे.

थंडी आली, गेली. माळ पिवळा पडला, मग राखाडी. पुढच्या पावसाळ्यात माळाच्या दुसऱ्या टोकाला, तिकडच्या उतारावर, चंडोल गात असल्याचं रखमेनं सांगितलं. मावळण तिकडे गेली नाही. घरी असताना वारा तिकडून वाहिला आणि स्वराचा एखादा धागा आलाच, तर ती काम थांबवत नसे. उलट अधिक जोरानं करी. उत्तर येईपर्यंत ऐकायचं नाही, असा काही नेम तिनं स्वतःशी केला असावा. आधी ती त्या स्वराबरोबर कुठेतरी जाऊन तरी येत असे. आता तिला जायला जागाच उरली नव्हती. तिचं तोंड या काळात एकदम वाळलं. हनुवटीवरचं हिरवं गोंदण सुरकुतीत गेलं. मामंजी एकदा तिला म्हणाले, "द्वारके, काय व्हतंय तुला?" त्यावर ती म्हणाली, "काय न्हाई, दादा. वाट बघायलेय." कुणाची, ते त्यांनी विचारलं नाही.

मिर्झासाहेब आले ते पुढच्या थंडीत. बैलांच्या दमणीतून उतरतानाच त्यांना धाप लागली. खोकल्यानं खांदे हलत होते. यंदा राहुटी नव्हती, बंदूक नव्हती. गंगाखेडच्या ठेसनावरून केवळ एवढ्यासाठी ते आडवाटेनं आले होते. मामंजींनी या वेळी स्वतःच मावळणीला ओट्यावर बोलावलं आणि मलाही थांबू दिलं. सकाळच्या उन्हात अंगणातली तूर सोनसळी दिसत होती.

"बाई," मिर्झासाहेब म्हणाले, "मुंबईला दोन्ही शेजारी ठेवून बघितले. माझ्याहून जाणत्या माणसांनाही दाखवले. पंख तेवढाच, चोच तशीच. रंगात जरा फरक आहे, तिकडच्या मातीचा असेल. पोटजात निराळी म्हणायची. पण जात एकच आहे. तुमचं पाखरू एकच आहे."

मावळणीनं डोळे मिटले. आम्ही सारे तिच्याकडे पाहत होतो. डोळे उघडून तिनं विचारलं, "मग ह्यांना ते कळलं असंल का? तकडं, नुसतं ऐकून?"

इथे खोटं बोलणं किती सोपं होतं. मिर्झासाहेब थकले होते, ती आतुर होती, आणि एक होकार दिल्यानं कुणाचं काही बिघडलं नसतं. पण त्यांनी सावकाश मान हलवली.

"नाही, बाई. कानानं हे कळत नाही. हा दुसऱ्या पाखरांच्या नकला करतो. तिकडे तिकडच्या पाखरांचे आवाज काढणार, इकडे इकडच्या. गाणं ऐकून खात्रीनं सांगणारा माणूस मी तरी बघितला नाही. तुमच्या यजमानांना हे माहीत असणं मुमकिन नव्हतं. त्यांनी म्हटलं, आणि ते खरं निघालं. काय नाव त्यांचं?"

मामंजी उत्तर द्यायला पुढे झाले. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नसे, तो गेल्यावरही नाही. पण मावळणीनं हात किंचित वर करून भावाला थांबवलं.

"गोविंद," ती म्हणाली. "गोविंदराव."

त्या अंगणात ते नाव कसं उमटलं ते सांगता येणार नाही. फार दिवस बंद असलेल्या खोलीचं कवाड उघडावं आणि आतली हवा बाहेर यावी, तसं काहीसं. तिच्या ओठांना त्या अक्षरांची सवय नव्हती. ती अडखळली, मग तिनंच ते पुन्हा एकदा नीट उच्चारलं. आणि हसली. मी त्या घरात आल्यापासून तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"म्हंजे मला गप करायलाच बोलले," ती म्हणाली. "काय बी ठाव नसताना."

मिर्झासाहेब गेले. त्यांना वेशीपर्यंत पोचवायला मामंजी गेले. मावळण ओट्यावरच बसून राहिली आणि मी तिच्याजवळ. हसू कधीच ओसरलं होतं. चेहऱ्यावर आता काहीतरी मोजल्यासारखा, आत वळलेला विचार होता. ऊन तिच्या पायांवरून गुडघ्यांवर चढलं, तरी ती हलली नाही.

"कौसा," ती शेवटी म्हणाली, "मला वाटायचं, मलाच तिथं करमत न्हाई. हे कामात असायचे. दौऱ्यावरून आले का गप बसायचे, कंदिलाकडं बघत. मी म्हनायचे, किती कठीण माणूस हाय, दोन शब्द बोलत न्हाई. रागबी धरायचे मी. तवा, पयल्या सकाळी, ते म्हनले, आपलं माणूस आधी येऊन बसलंय. मला वाटलं, माझ्यासाठी म्हनले. त्यांनाच लय एकलं वाटत व्हतं गं. ते सोताला सांगत व्हते. आन् मी त्यांच्या शेजारी बसून रडत व्हते, माझंच."

मी तिचा हात धरला. तो थंड होता आणि तिनं तो सोडवून घेतला नाही. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जेवली. त्यानंतर, थोडं थोडं करून, ती आफ्रिकेबद्दल बोलू लागली, पण तिचं सांगणं बदललं होतं. त्यात आता गवत कमी असे आणि डॉक्टर जास्त. आजारी खेचराच्या पोटाला कान लावून ते कसे बसत, तिकडच्या पिठाची चपाती चिवट होई तेव्हा ती न बोलता कशी खात, दौऱ्यावर निघताना दारात किती वेळ बुटांचे बंद बांधत राहत. पूर्वी तिला न उमगलेल्या त्या साऱ्या हालचाली ती आता एकेक करून उलगडून पाहत होती, आणि प्रत्येकीत तिला तेच सापडत होतं. हे सापडणं सुखाचं नव्हतं. ज्याच्या शेजारी आपण एकटे होतो तोही तितकाच एकटा होता, हे कळल्यावर माणसाचं एकटेपण कमी होत नाही. ते दुप्पट होतं, कारण त्याचाही वाटा आता आपल्यालाच वाहायचा असतो. पण तो वाटा ती कुणाला देऊ करत नव्हती. दुपारी रखमेपाशी जाऊन बसणं तिनं शेवटपर्यंत सोडलं नाही, आणि माळाच्या त्या दुसऱ्या उतारावर चंडोल गाऊ लागला की दोघी मिळून तिकडे मेंढरं वळवत.

महायुद्ध संपलं त्या सुमारास मावळण गेली. दोन दिवस ताप, आणि तिसऱ्या सकाळी शांतपणे. पुढे रजाकारांच्या धामधुमीत आम्ही घर सोडून वऱ्हाडात गेलो, आणि परत आलो तेव्हा माळाचा बराच भाग नांगराखाली गेला होता. रखमा कुठे गेली ते कुणालाच सांगता आलं नाही. मिर्झासाहेबांचंही पुन्हा काही कळलं नाही. चंडोलांची जुळणी मात्र पुस्तकांतून चालूच राहिली. मध्यंतरी या पक्ष्याला पार जावा बेटापर्यंतच्या सोयऱ्यांबरोबर एकाच जातीत घातलं होतं, मग ते दूरचे सोयरे वेगळे काढले, असं माझ्या नातीनं मला वाचून दाखवलं. आफ्रिकेचा आणि आपला मात्र अजून एकाच नावाखाली आहेत. उद्या कुणी त्यांनाही वेगळं काढील. जाणती माणसं पुन्हा पंख मोजतील, पुन्हा रंग ताडतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

मावळणीला जे मिळालं होतं, ते मात्र आता कुठल्याही मोजणीनं बदलण्यासारखं राहिलेलं नाही. गेलेलं माणूस काळाबरोबर दूर दूर जातं असं आपण म्हणतो, पण मी उलटही होताना पाहिलं आहे: पंधरा वर्षं शेजारी असताना जो तिला पुरता दिसला नाही, तो नसण्याच्या लांब वाटेनं चालत चालत, एका सकाळी, तिच्या अगदी जवळ येऊन बसला, आणि तेव्हा त्याला देण्यासारखं तिच्यापाशी त्याच्या नावाखेरीज काहीच उरलं नव्हतं.